बोलाचाच चेंडू, बोलाचीच फळी

बेसबॉलच्या सामन्यात खेळ किती असतो, हे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१३ साली घड्याळ लावून मोजलं. तीन तासांच्या सामन्यात प्रत्यक्ष हालचाल भरली जेमतेम अठरा मिनिटं. बाकीच्या वेळात पिचर टोपी सारखी करायचा, कॅचर मांड्यांच्या आडून बोटांच्या खुणा करायचा, फलंदाज हातमोज्यांचे पट्टे सोडून पुन्हा बांधायचा, आणि कडेला बसलेले खेळाडू सूर्यफुलाच्या बिया चावून टरफलं थुंकायचे. शेअर बाजाराचं वर्तमानपत्र ते. एवढ्या गुंतवणुकीवर एवढासा परतावा त्यांना बघवला नसणार. पण त्यांच्या ताळेबंदात एक रकाना राहून गेला. उरलेले जवळजवळ पावणेतीन तास स्टँडमधली तीस-चाळीस हजार माणसं काय करत होती? बोलत होती. बेसबॉल हा मुळात बोलण्याचा खेळ आहे. चेंडू आणि फळी आहेत ती विषय पुरवण्यापुरती.

मी न्यू जर्सीत राहतो. या राज्यात मोठ्या लीगमधला एकही संघ नाही, त्यामुळे सगळ्यांनी मिळून एकाच बाजूने ओरडायची सोय नाही. उत्तरेकडची माणसं न्यूयॉर्कच्या यांकीजची किंवा मेट्सची, दक्षिणेकडची फिलाडेल्फियाच्या फिलीजची. आमचं ऑफिस एडिसनजवळ, म्हणजे ऐन सरहद्दीवर. दुपारी जेवणाच्या टेबलावर तिन्ही फौजा समोरासमोर असतात. अशा टेबलावर जूनमधल्या एका दुपारी हिशेबखात्यातला आमचा एक अबोल सहकारी सँडविचचा कागद सोडवता सोडवता म्हणाला, “मी बेसबॉलवर पॉडकास्ट काढावा म्हणतोय.” इथेच थांबला असता तर सप्टेंबरपर्यंत त्याचे दहा-बारा भाग निघाले असते. पण तो पुढे बोलला, “तुम्हाला काय वाटतं?”

लग्नाच्या बैठकीत नवरा-नवरी कोपऱ्यात राहतात आणि मानपान, आहेर, मठ्ठा की सोलकढी यावर जाणती मंडळी तुटून पडतात, तसं झालं. पॉडकास्ट काढणारा त्या क्षणापासून कोपऱ्यात गेला.

बेसबॉलवरच्या पॉडकास्टचा दुष्काळ पडला होता असं नाही. ‘इफेक्टिव्हली वाइल्ड’ नावाचा एकच पॉडकास्ट २०१२ पासून चालू आहे आणि त्याचे दोन हजारांवर भाग झालेत. शिवाय प्रत्येक संघाचे वेगळे, माजी खेळाडूंचे वेगळे, दुखावलेल्या चाहत्यांचे तर मोजदाद करू नये इतके. टेबलावरचा प्रत्येक जण त्यातले तीन-चार नियमाने ऐकतो, तेही दीडपट वेगाने, टर्नपाइकवर गाडी हाकता हाकता. आणि तरी प्रत्येकाचं ठाम मत होतं, की चांगला असा एकही नाही. कारण उघड होतं. त्यातल्या एकाही पॉडकास्टने यांचा सल्ला घेतलेला नव्हता.

पहिला प्रश्न निघाला लांबीचा. वीस मिनिटांच्या वर कोण ऐकतं, असं एक म्हणाला. हा माणूस त्याच आठवड्यात रात्री दीड वाजेपर्यंत कॅलिफोर्नियातला सामना बघून सकाळी जांभया देत आला होता. मोठ्या लीगमधला एक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. सामन्याला दोन तास चाळीस मिनिटं धरली तर हिशेब होतो ४३२ तासांचा, म्हणजे बरोबर अठरा अहोरात्र. वर्षातून अठरा दिवस आणि अठरा रात्री ज्याने एका संघाला वाहिल्या, तो माणूस एकविसाव्या मिनिटाला कंटाळणार म्हणत होता. पण असं त्याला विचारायचं नसतं. सल्ला देणाऱ्याच्या सवयी आणि त्याचा सल्ला ही दोन स्वतंत्र खाती आहेत.

मग निवृत्तीला आलेले एक ज्येष्ठ सहकारी बोलले. यांचा पिंड रेडिओवर पोसलेला. बेसबॉलचा सामना रेडिओवरून पहिल्यांदा ऐकवला गेला तो ५ ऑगस्ट १९२१ रोजी, पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून; ही तारीख ते आपल्या लग्नाच्या तारखेपेक्षा कमी वेळात सांगतात. त्यांचं दैवत म्हणजे विन स्कली. या माणसाने डॉजर्सच्या सामन्यांचं वर्णन १९५० ते २०१६, असे सदुसष्ट हंगाम केलं. लॉस एंजेलिसचे लोक मैदानात समोर सामना चाललेला असताना कानाला ट्रान्झिस्टर लावून बसायचे, कारण जे डोळ्यांना दिसतंय ते खरंच घडलं का, याची स्कलीकडून खात्री करून घ्यायची असायची.

“पॉडकास्टला दोन माणसं कशाला?” ज्येष्ठ म्हणाले. “स्कली एकटा बोलायचा. आणि मुख्य म्हणजे गप्प बसायचा. १९७४ साली हँक एरनने ७१५ वा होमरन मारून बेब रूथला मागे टाकलं, तेव्हा स्कली माइकपासून उठून मागे गेला. नुसता गर्दीचा आवाज ऐकू दिला त्याने. तुमच्या पॉडकास्टमध्ये अशी शांतता हवी.”

कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, गर्दी नसताना, सामना संपल्यावर दोन दिवसांनी ध्वनिमुद्रित केलेली शांतता नेमकी कशी ऐकू येईल, याचा सगळ्यांनी क्षणभर विचार केला. हिशेबखात्याने वहीत ‘शांतता’ असं लिहून घेतलं. पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि ज्येष्ठांची नजर गेल्यावर ते खोडलं.

शांततेच्या नेमकं उलट टोक म्हणजे आमचा आकडेवाला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे हे वेगळं सांगायला नको. बेसबॉलमध्ये आकड्यांना देवत्व देणारा पंथच आहे. १९७१ साली कूपर्सटाउनला त्याची संस्था निघाली. १९७७ साली बिल जेम्स नावाच्या गृहस्थाने आपलं पहिलं आकडेपुस्तक स्वतःच्या खर्चाने काढलं. जेम्स त्या काळात कॅन्ससमधल्या डबाबंद कडधान्यांच्या एका कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. डबे चोरायला कुणी येत नसे, म्हणून तो आकडे मोजत बसे. पुढे बॉस्टनच्या रेड सॉक्सनी त्याला सल्लागार नेमलं आणि २००४ साली त्या संघाने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. तेव्हापासून रात्री जागा राहून रकाने भरणारा प्रत्येक माणूस आपल्यालाही बोलावणं येईल अशी वाट बघतोय. आमचा आकडेवाला त्यांतला एक.

त्याची मागणी साधी होती. पॉडकास्टच्या प्रत्येक भागात चेंडू फळीवरून किती वेगाने सुटला, किती अंशांच्या कोनात उडाला, आणि त्या जागी लीगमधला सरासरी खेळाडू असता तर काय झालं असतं, याचे तक्ते असावेत.

“तक्ते? पॉडकास्टमध्ये?” मी विचारलं.

“वाचून दाखवायचे,” तो म्हणाला.

यानंतर पक्षवार निवेदनं झाली. यांकीवाला अर्थातच पहिला. यांकीजनी वर्ल्ड सिरीज २७ वेळा जिंकली आहे, तर पॉडकास्टही २७ भागांचा करावा, प्रत्येक विजयाला एक भाग, ही त्याची सूचना. शेवटचा विजय २००९ चा आहे, मग नंतरच्या वर्षांचं काय, असं कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, नंतर बोलण्यासारखं काही घडलं नाही. २०२४ च्या अंतिम फेरीत पाचव्या सामन्यात ५-० अशी आघाडी असताना एका डावात सुटलेला झेल, पहिल्या बेसकडे धावायला विसरलेला पिचर आणि शेवटी डॉजर्सच्या हातात गेलेला चषक, हे सगळं मेट्सवाल्याने मग तपशीलवार, चवीने, यांकीवाल्याचे चिप्स खात खात सांगितलं.

मेट्सवाल्याला हसायचा हक्क कितपत आहे, हा वेगळा प्रश्न. मेट्स जन्माला आले १९६२ साली, आणि पहिल्याच हंगामात १२० सामने हरले. आधुनिक काळातला पराभवांचा हा विक्रम त्यांनी बासष्ट वर्षं सांभाळला. २०२४ साली शिकागोच्या व्हाइट सॉक्सनी १२१ सामने हरून तोही हिरावून घेतला. “आमच्याकडे एवढं एकच होतं,” तो म्हणाला. त्याला हवा होता दुःखाचा पॉडकास्ट, आणि दर वर्षी १ जुलैला विशेषांक. कारण त्या दिवशी मेट्स बॉबी बोनिया या खेळाडूला सुमारे बारा लाख डॉलर देतात. बोनिया मेट्सकडून शेवटचा खेळला १९९९ साली. त्याचे तेव्हाचे साठेक लाख एकदम देण्याऐवजी संघाने ते व्याजासकट हप्त्याने फेडायचं ठरवलं. २०११ ला सुरू झालेले हप्ते २०३५ ला संपतील. तोवर बोनिया बहात्तर वर्षांचा होईल. ही गोष्ट ऐकताना हिशेबखात्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तेज दिसलं. व्याजाचा दर आठ टक्के होता, हे त्याला तोंडपाठ होतं. त्या टेबलावर पॉडकास्टच्या मालकाला अधिकाराने बोलायची संधी मिळाली ती एवढीच.

फिलीवाल्याने काहीच मागितलं नाही. तो प्रत्येक सूचनेनंतर हुर्यो उडवत होता. फिलाडेल्फियाची ही रीतच आहे. फिलीज २००७ साली दहा हजारावा सामना हरले; कुठल्याही व्यावसायिक खेळातला एवढा मोठा पल्ला गाठणारा पहिला संघ. दहा हजार पराभव बघून झालेल्या माणसाला टाळ्या वाजवायची सवय राहत नाही. “तुझ्या पॉडकास्टची मी आत्ताच हुर्यो उडवून ठेवतो,” तो हिशेबखात्याला प्रेमाने म्हणाला, “म्हणजे पुढे वाईट वाटायचं नाही.” सगळ्यांत प्रामाणिक अभिप्राय हाच होता, असं मला अजून वाटतं.

नियमवाल्याबद्दल थोडक्यात सांगायला हवं, कारण तो थोडक्यात सांगत नाही. बेसबॉलमध्ये ‘इनफील्ड फ्लाय’ म्हणून एक नियम आहे. सोपा झेल मुद्दाम सोडून दोन धावकांना एकदम बाद करायची लबाडी कुणी करू नये, म्हणून १८९५ साली तो आला. १९७५ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कायद्याच्या नियतकालिकात या नियमाच्या उगमावर एक लेख छापून आला. त्या लेखाची पहिली तळटीप त्याच्या पहिल्याच शब्दाला, म्हणजे नुसत्या ‘द’ला आहे. आमचा नियमवाला या लेखाकडे विनोद म्हणून बघत नाही. पॉडकास्टलाही तळटीपा असाव्यात, असं त्याचं म्हणणं. आकडेवाला तक्ते वाचणार, हा तळटीपा वाचणार आणि ज्येष्ठ मधूनमधून गप्प बसणार, असा कार्यक्रम मनात उभा राहिला आणि फिलीवाल्याची हुर्यो किती दूरदृष्टीची होती ते पटलं.

जाहिरातींचा विषय मात्र चटकन आटोपला. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या सट्ट्याचं दार राज्यांना उघडून दिलं, आणि तो खटला लढून जिंकला होता आमच्याच न्यू जर्सीने. तेव्हापासून खेळावरचं कुठलंही बोलणं लावा, मध्ये कुणीतरी उत्साही आवाजात पैज लावायचा आग्रह करतो आणि मग तोच आवाज दुप्पट वेगाने व्यसनमुक्तीचा फोन नंबर सांगतो. सट्ट्याची जाहिरात नको, यावर तिन्ही फौजांचं एकमत झालं. मग पैसे कोण देणार, असं हिशेबखात्याने विचारलं. त्या प्रश्नावर मात्र खरी विन स्कली पद्धतीची शांतता पसरली.

शेवटी माझ्याकडे वळले. मी क्रिकेटच्या मुलखातला, म्हणजे मत विचारण्याइतका जवळचा आणि न ऐकण्याइतका लांबचा. मी सुचवलं की एक भाग हेन्री चॅडविकवर करावा. बेसबॉलचा धावफलक वर्तमानपत्रात कसा मांडायचा, ते या माणसाने ठरवलं. जन्माने इंग्रज, पेशाने क्रिकेटचा वार्ताहर. १८५६ साली क्रिकेटचा सामना आटोपून परतताना त्याने आमच्याच न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या मैदानावर बेसबॉल बघितला आणि तिथेच अडकला. म्हणजे तुमच्या या आकड्यांच्या वेडाचं मूळ क्रिकेटमध्ये आहे, असा माझा मुद्दा होता. मुद्दा कुणाला आवडला नाही. पाच दिवस चालून निकाल न लागणाऱ्या खेळाकडून आम्ही काही घेतलेलं नाही, असं यांकीवाल्याने जाहीर केलं.

तेव्हा मला ज्येष्ठांनी हात दिला. १९८१ साली ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावात दुय्यम लीगचा एक सामना १८ एप्रिलच्या रात्री सुरू झाला. नऊ डावांचा खेळ. बरोबरी सुटेना, म्हणून बत्तीस डाव झाले. पहाटे चार वाजून सात मिनिटांनी तो थांबवला, आणि जूनमध्ये उरलेला तेहेतिसावा डाव खेळून संपवला. थांबवला तेव्हा स्टँडमध्ये एकोणीस प्रेक्षक शिल्लक होते. “त्या एकोणीस जणांनी गारठ्यात पहाटेपर्यंत काय गप्पा मारल्या असतील,” ज्येष्ठ म्हणाले, “यावर कुणी पॉडकास्ट काढला तर मी ऐकेन.” सगळ्यांनी माना डोलावल्या. फिलीवालासुद्धा हुर्यो विसरला. खेळाविषयी कुणालाच काही नको होतं. त्या खेळाच्या फटीत माणसं काय बोलली, तेवढं हवं होतं.

घरी हा विषय निघाला तो मामांमुळे. माझे मामा दादरहून सहा महिन्यांसाठी आले होते. आईवडील, सासूसासरे, मामामावश्या अशी आपली ज्येष्ठ मंडळी अमेरिकेत येतात ती एप्रिलमध्ये थंडी ओसरली की, आणि परततात पुन्हा गारठा पडायच्या आत. बेसबॉलचा हंगामही नेमका तेवढाच. मुलं-सुना कामावर गेल्यावर टीव्हीसमोर दुपार काढताना आपल्या कितीतरी पाहुण्यांना या खेळाची दीक्षा मिळते. मामांना तर महिन्याभरात यांकीजचा पिचर कधी बदलायला हवा होता, हे मॅनेजरच्या आधी कळू लागलं.

“पॉडकास्ट म्हणजे कॉमेंट्रीच ना?” मामांनी विचारलं. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकत वाढलेला माणूस.

“नाही मामा. सामना संपल्यावर त्याच्यावर बोलायचं.”

“संपल्यावर? संपलेल्या सामन्यावर माणसाने बोलायचं तरी काय आणि किती?” असं म्हणून ते १९७१ च्या ओव्हल कसोटीवर जे सुरू झाले, ते चंद्रशेखरचे ३८ धावांतले सहा बळी एकेक करून बाद केल्याशिवाय थांबले नाहीत. आमटी दोनदा गरम करावी लागली. नंतर त्यांनी शांतपणे सांगितलं, “तुझ्या त्या मित्राला म्हणावं, भाग जरा ऐसपैस ठेव.”

माझं स्वतःचं एक गणित आहे. २०२३ साली बेसबॉलमध्ये पिच क्लॉक आलं. पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे, फलंदाजाने वेळेत सज्ज झालंच पाहिजे. पट्टे सोडणं-बांधणं बंद. सामन्याची सरासरी लांबी आदल्या वर्षीच्या तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीसवर आली. म्हणजे सामन्यामागे चोवीस मिनिटं आणि हंगामामागे जवळजवळ पासष्ट तास, माणशी, रिकामे झाले. खेळ सुटसुटीत झाला म्हणून सगळे खूश. पण ती कापलेली मिनिटं खेळाची नव्हतीच, गप्पांची होती. ‘चेंडू टाकेपर्यंत तुला एक सांगतो’ म्हणून शेजाऱ्याकडे वळायची ती वेळ. मग ते पासष्ट तास जाणार कुठे? जेवणाच्या टेबलावर आले, टर्नपाइकवर आले, पॉडकास्टमध्ये घुसले.

रिकाम्या वेळात बोलता येणं ही लहान विद्या नव्हे. १९३० च्या दशकात आयोवातल्या एका रेडिओ केंद्रावर एक तरुण निवेदक शिकागोचे सामने न बघताच ऐकवायचा. तारेने जुजबी मजकूर यायचा, त्यावरून तो स्टुडिओत बसून अख्खं मैदान उभं करायचा. एकदा तारच बंद पडली. त्याने पठ्ठ्याने फलंदाजाला एकामागून एक फाउल चेंडू मारायला लावले, कित्येक मिनिटं, तार पुन्हा सुरू होईपर्यंत. त्या निवेदकाचं नाव रोनाल्ड रेगन. पुढे देशाने त्याला दोनदा राष्ट्राध्यक्ष केलं. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या तिन्ही संघांच्या मालकांनी आपल्या सामन्यांचं वर्णन रेडिओवर करायला पाच वर्षं बंदी घातली होती, लोक घरी ऐकत बसतील आणि तिकीट काढणार नाहीत या भीतीने. चेंडू न टाकता बेसबॉल चालू शकतो, हे रेगनला कळलं होतं. मालकांना वाटत होतं की तो तिकिटावर चालतो.

सप्टेंबर उजाडला. हिशेबखात्याने मायक्रोफोन विकत घेतला होता आणि वहीची पानं संपली होती. आपलं हे दुपारचं बोलणंच ध्वनिमुद्रित करून टाकू, अशी एक पळवाट त्याने काढून बघितली. पण मग तोंडात घास असताना बोलता येणार नाही, या मुद्द्यावर ती फेटाळली गेली. निदान पहिला भाग कधी काढायचा तेवढं ठरवा, असं त्याने काकुळतीला येऊन विचारलं. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात नको, आकडेवाला म्हणाला, रोज आकडे बदलतात. ऑक्टोबरमध्ये अंतिम फेऱ्या. यांकीवाल्याची रात्री झोप होत नाही आणि मेट्सवाल्याची मनःस्थिती बरी नसते. तिकडे मामांची परतीची तारीख जवळ आलेली. आपण दादरहून फोनवर भाग घेऊ, असं त्यांनी कळवलं होतं. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की इथल्या जेवणाच्या सुट्टीला तिकडे रात्रीचे अकरा वाजतात, सगळं उरकलेलं असतं, सोयीची वेळ.

तेव्हा नोव्हेंबर ठरला. सामने संपलेले, मैदानांना कुलपं, पिचर आणि कॅचर सरावाला यायला फेब्रुवारीचा मध्य उजाडणार. या थंडीतल्या गप्पांची इथे जुनी परंपरा आहे. गावच्या दुकानात शेगडीभोवती बसून लोक पुढच्या हंगामाचे संघ बांधायचे. ज्येष्ठांना वेळ पटली, आकडेवाल्याला पटली, फिलीवाल्याने हुर्यो उडवली पण हात वर केला. तीन संघांच्या लोकांनी एकमताने केलेला तो त्या टेबलावरचा दुसरा ठराव. हिशेबखात्याने कारण विचारलं, तर यांकीवाल्याने ते एका वाक्यात सांगून टाकलं आणि मेट्सवाल्याने चक्क दुजोरा दिला: एप्रिल ते ऑक्टोबर रोज सामने असतात, त्यामुळे बेसबॉलवर नीट बोलणं होत नाही.